विळी नसलेलं घर

दिवाळीला म्हणून मी सासुरवाडीला गेलो आणि दोन महिने तिथंच राहिलो. आमच्याकडं जावई तीन दिवसांचा पाहुणा. त्याहून जास्त राहिला की गावात बोलणं सुरू होतं. घरी भांडून आला असेल, नाहीतर सासऱ्याच्या जमिनीवर डोळा असेल. माझ्याबद्दलही तसंच बोलणं झालं. खरं कारण घरातल्या माणसांशिवाय एका मेंढपाळाच्या बायकोलाच माहीत होतं, आणि ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

पेडगावला आमचं घर आणि थोडी शेती. मी जवळच्या गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायको राणीसावरगावची. तिची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिची झोप. ती कुठंही झोपायची. एस्टीत उभ्या उभ्या, कापसाच्या गाठोड्याला टेकून, एकदा तर माझी आई तिच्याशी बोलत असताना. आई आधी रागावली होती आणि मग हसली होती. सातव्या महिन्यात तिचे वडील येऊन तिला पहिल्या बाळंतपणाला घेऊन गेले. दिवाळीच्या आधी पोस्टकार्ड आलं. मुलगा झाला, दोघं खुशाल, बारशाला यावे.

बारसं आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. शाळेला तीन आठवड्यांची सुट्टी लागली त्याच दिवशी मी निघालो.

सासऱ्यांचं माळवदाचं घर, पुढं ओसरी, मागं परस. बाळंतिणीची खोली कोपऱ्यात होती. दाराला गोधडी लावलेली. आत बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याचा आणि शेपाचा धूर. त्या धुरात माझी बायको चालत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहा पावलं, मग वळायचं, पुन्हा सहा पावलं. बाळ बाजेवर झोपलेलं. मी दारात उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघितलं, पण चालणं थांबवलं नाही.

"आलात?" ती म्हणाली. "गाडी मिळाली का येळंवर?"

"मिळाली."

"बरं झालं."

मी बाळावर वाकलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, कान तुझ्यासारखे आहेत. "आसतील," ती म्हणाली आणि वळली.

सासूबाईंना मी मामी म्हणायचो. त्या मला चुलीपाशी घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "बसतच न्हाई, मास्तर. बाजंवर टेकती आन् उठती. दिवस न्हाई, रात न्हाई. आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा न्हाई तिच्या. मला वाटलं, तुमी आल्यावर बसंल."

ती बसली नाही. बारशाला बायका जमल्या, पाळणा सजवला. तिनं बाळ असं पुढं केलं, जसं शेजारणीचं मूल थोडा वेळ धरायला दिलं होतं आणि आता परत करायचं होतं. एका म्हातारीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "पहिलाच पोरगा झालाय. आन् हिला काय दुःख पडलंय म्हणावं?" मुलगी झाली असती तर लोकांनी निदान कारण शोधलं असतं. मुलगा झाल्यामुळं तिच्या उदास तोंडाला कुणाकडं नावच नव्हतं.

मग घरच्यांनी नावं शोधली. मामी म्हणाल्या, बाळंतवात. दशमुळाचा काढा सुरू झाला. सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचो, म्हणाले, नजर. अंगारा आला, मनगटाला काळा दोरा आला. तिनं सगळं गुमान घेतलं. काढा प्यायची, अंगारा लावून घ्यायची आणि चालायची. बाळ रडलं की दचकायची, पाजायची, पाजताना दाराकडं बघत राहायची. पाजून झालं की लगेच बाळाला खाली ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायची. ते मागं सरणं मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

माझाही तिथं जीव रमत नव्हता. ओसरीवर बसलो की वाटायचं आत जावं, आत गेलो की तिच्या चालण्यानं घुसमटायला व्हायचं आणि बाहेर यायचो. गावात चक्कर मारायला निघालो की वेशीपासून परत फिरायचो. भाऊबीज झाली. माझी पिशवी भरून ठेवलेली होती, तरी मी निघालो नाही.

त्याच दिवसांत घरातून वस्तू जायला लागल्या.

आधी चुलीजवळची विळी गेली. मामींनी सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. मग वळचणीला खोचलेले दोन विळे गेले. जवारी काढणीला आलेली होती, त्यामुळं मामा चिडले. मग पानाच्या डब्यातला अडकित्ता दिसेना. घरात रोज कामाला येणारी बाई एकच होती. तिचा नवरा मेंढ्या राखायचा, ती लोकांच्या शेतात रोजानं जायची आणि मामींकडं निसणं, पाखडणं, सारवणं करायची. पन्नाशीची, उंच, फार न बोलणारी. सगळे तिला मावशी म्हणायचे.

एका सकाळी ओसरीवर चार माणसं बसलेली असताना मामांनी तिला विचारलं, "विळे तूच नेलेस का?"

मावशी सूप खाली ठेवून उभी राहिली. "माझ्या घरी दोन विळे हायती, मालक. तुमच्या विळ्यांचं मी काय करू?"

"मग काय पाय फुटले त्यास्नी?"

मावशीनं पदर खोचला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी कामाला आली नाही. मामा म्हणाले, बघा, खरं होतं म्हणून आली नाही.

त्याच दुपारी मी दाढी करायला बसलो आणि पिशवीत पात्यांची पुडी सापडली नाही. साबण होता, ब्रश होता, पुडी तेवढी नव्हती. पिशवी बाळंतिणीच्या खोलीत खुंटीला होती. त्या खोलीत मावशी कधी जात नव्हती. मामींना दाढीच्या पात्यांचं काम नव्हतं. साबण तोंडावर तसाच वाळला. मी बराच वेळ आरशात बघत बसलो.

सगळे शेतात गेले होते. मामी परसात धुणं धूत होत्या. मी तोंड पुसलं आणि आत गेलो. बाळ जागं होतं, म्हणून उचलून मांडीवर घेतलं. ती चालत होती.

"माझी पाती तू घेतलीस का?"

ती थांबली. मी आल्यापासून ती पहिल्यांदाच मधेच थांबलेली मी पाहिली.

"व्हय."

"आणि विळे?"

"तेबी."

"कुठं हायत?"

तिनं कोपऱ्यातल्या कणगीकडं बोट दाखवलं. गेल्या सालची जवारी होती त्यात. तिनं खांद्यापर्यंत हात घालून एकेक वस्तू दाण्यांत खाली खाली ढकलली होती.

"कशापायी?"

तिचं बोलणं आधी तुटक आलं आणि मग थांबेना. "विळी दिसली की डोळ्यासमोर येतंय. माझ्या हातानं त्याला कायतरी व्हायलंय, असं दिसतंय. मला करायचं न्हाई. देवाची आण, मला करायचं न्हाई. पण येतंय. पाजताना येतंय, न्हाऊ घालताना येतंय. झोप लागली आन् झोपंत उठून केलं तर? म्हणून झोपत न्हाई. हात रिकामे ऱ्हावेत म्हणून ठिवल्या समद्या आत."

मी तिचा नवरा. मी शिकलेला. त्या वेळी माझ्या तोंडून काही चांगलं निघायला हवं होतं. पण मी जे केलं ते वेगळंच होतं. नकळत माझे हात आवळले आणि मी बाळाला छातीशी ओढून घेतलं. अगदी थोडं. तिनं ते पाहिलं.

"म्हणूनच सांगत नव्हते," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. "माय म्हणंल, माझ्या पोटी राक्षशीण निपजली. तुमी परत न्याचं न्हाईत मला."

मी म्हणालो, नेईन. ती पुन्हा चालायला लागली. मी बाळ घेऊन तिच्याबरोबर चालायला लागलो, कारण दुसरं काही सुचलं नाही. अरुंद खोली, सहा पावलं, आम्ही दोघं वळताना एकमेकांना धडकत होतो.

आता मला दोन भीती होत्या. एक तिची. दुसरी, मावशीवरचा आळ. गप्प बसावं तर एक निर्दोष बाई चोर ठरते, आणि बोलावं तर बायको येडी ठरते. दिवस मावळायला मी चुलीपाशी जाऊन मामींना सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकलं. हात थांबला.

"माझ्या लेकीवर आळ घ्यायलात, मास्तर?"

"कणगीत बघा, मामी."

त्या उठल्या. आत गेल्या. मी मागून गेलो तेव्हा त्या कणगीत वाकून एकेक वस्तू वर काढत होत्या आणि लेक भिंतीला पाठ लावून बघत होती. दोन विळे, विळी, अडकित्ता, माझी पुडी. मामी सगळं पुढ्यात मांडून खाली बसल्या. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला, तरी उठल्या नाहीत. मग लेकीला म्हणाल्या, "इतके दिवस एकटीच हे सोसायलीस व्हय गं, बाई?" त्यावर ती रडली. बाळ झाल्यापासून ती पहिल्यांदा रडली, असं मामींनी मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामींनी सगळी पाती एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली आणि मला म्हणाल्या, चला. आम्ही गावाच्या कडेला मावशीच्या घरी गेलो. ती दारात शेळीच्या करडाला पाजत होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही.

"चुकलं आमचं," मामी म्हणाल्या. "विळे घरातच व्हते."

"मला ठाऊक व्हतं."

"काय ठाऊक व्हतं?"

"घरातच आसतील म्हणून. मी नेले न्हाईत म्हणल्यावर आनिक कुठं जातेत?"

मामींनी मग सगळं सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो. मला वाटत होतं, आता ही बाई कपाळाला हात लावेल. मावशीनं करडाचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ज्याला मारायचंय ते हत्यार जवळ ठिवतंय. लांब लपवती ती पोरगी भिलेली हाय. लय भिलेली हाय." थोडं थांबून म्हणाली, "ठिवा हितं. तुमच्या घरात पातं नगं आता. भाजी मी चिरून आणीन रोज. पण एक हाय. तुमच्या मालकानं चार लोकात म्हणलंय. चार लोकातच सांगावं लागंल."

ते सोपं नव्हतं. मामा घरी आले, मामींनी त्यांना सगळं सांगितलं, आणि ते आधी माझ्यावरच चिडले. पोरीचं नाव खराब करायला निघालात म्हणाले. जेवले नाहीत. गोठ्यात गेले, परत आले, पुन्हा गोठ्यात गेले. त्या घरात तेव्हा कुणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी तीच माणसं ओसरीवर बसलेली असताना त्यांनी मावशीला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "विळे घरातच सापडले. माझी चूक झाली. बाईनं काय बी नेलेलं न्हाई." कुठं सापडले, कुणी ठेवले, ते सांगितलं नाही. एकानं विचारलं, तर मामा म्हणाले, "सापडले म्हणलं ना." मावशी म्हणाली, "बरं, मालक," आणि सूप घेऊन पाखडायला बसली.

त्या दिवसापासून ती सकाळी टोपल्यात चिरलेली भाजी घेऊन यायची. मेथी, अंबाडी, कधी दोडकी. काढणीला गड्यांनी आपापले विळे आणले. मी पारावरच्या न्हाव्याकडं दाढी करायला लागलो. घरात विळी नाही हे पाहिल्यावर माझी बायको पहिल्यांदा बाजेवर बसली. झोपली नाही, पण बसली.

मामी म्हणाल्या, आता दवाखान्यात दाखवू. मामांचं म्हणणं, बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत उंबऱ्याबाहेर जात नाही. मामींनी त्यांना एवढंच विचारलं, "सव्वा महिना तिला दम निघंल का?"

आम्ही गंगाखेडला जायला निघालो, तर गाडी आलीच नाही. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला की आमच्या जिल्ह्यात आधी एस्टी बंद पडायची. आमच्या शाळेत दोन मास्तर, जुने दोस्त, एका बाकावर बसेनासे झाले होते. स्टँडवर माणसं दोन-तीन टोळक्यांत उभी होती, दबक्या आवाजात बोलत होती आणि दुसऱ्या टोळक्यातला माणूस जवळून गेला की गप्प होत होती. बंद आहे की नाही, कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. आम्ही वाट बघत राहिलो. मामी बाळाला पदराखाली घेऊन बसलेल्या. बायको डोक्याला कानपट्टी बांधून स्टँडच्या शेडभोवती चकरा घालत होती. लोक बघत होते. मी तिच्या मागं चालत होतो.

"परत जाऊ," ती म्हणाली. "डागदरनं येडी हाय म्हणून लिहून दिलं तर? कागदावर आलं की संपलं."

"कागद माझ्यापाशी राहील."

"तुमी भिता मला. मी बघितलंय."

खोटं बोलायचं नव्हतं. "भ्यालो होतो," मी म्हणालो. "आता कमी भितो."

इतका वेळ माझ्या पुढं चालत होती ती माझ्या बरोबरीनं चालायला लागली. दुपारी चहावाल्यानं सांगितलं, आज गाडी येत नाही, घरी जा. आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशीही गाडी नव्हती. तिसऱ्या दिवशी मिळाली.

डॉक्टरीणबाई वयानं फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी बाळ तपासलं, मग मला आणि मामींना बाहेर जायला सांगितलं. बायको म्हणाली, "ह्यांना आसू द्या." म्हणून मी थांबलो. त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि मग अगदी ताप आहे का विचारावं तसं विचारलं, "बाळाला आपल्या हातून काही होईल, असे विचार मनात येतात का?"

माझ्या बायकोनं मान वर केली. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. बऱ्याच जणींना येतात. सांगत नाहीत."

"बऱ्याच जणींना?"

"हो. खेड्यातल्या, शहरातल्या, शिकलेल्या. हा बाळंतपणानंतर होणारा आजार आहे. औषधानं बरा होतो. तुमच्यात खोट नाही."

मग त्यांनी जपून विचारलं, मरून जावं असं वाटतं का. ती म्हणाली, "झोप लागावी, एवढंच वाटतंय." पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी शाळेच्या वहीत उतरवून घेतलं. तिला सलग पाच-सहा तास झोप मिळालीच पाहिजे. तेवढा वेळ बाळ दुसऱ्यानं सांभाळायचं, तिला उठवायचं नाही. तिला एकटं सोडायचं नाही. "पहारा करायचा नाही," त्या म्हणाल्या, "सोबत करायची." गोळ्या दिल्या आणि मनाच्या आजाराच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. दहा दिवसांत उतार पडला नाही तर जायचं, आणि ती वेगळंच काही बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, तर दहा दिवससुद्धा थांबायचं नाही.

मी शाळेला रजेचा अर्ज पाठवला. घरी वडिलांना लिहिलं, तिला हिवताप आहे, थांबावं लागतंय. त्यांचं पोस्टकार्ड आलं, कापूस फुटून जमिनीवर पडायलाय, वेचायला माणूस नाही, आणि सासुरवाडीला इतका मुक्काम शोभत नाही. ते कार्ड मी खिशात घेऊन हिंडलो. बाळाला न्हाऊ घालायला, दुपटी बदलायला, उकळलेल्या पाण्याची वाटी आणि चमचा धरायला मी तिथंच शिकलो. पारावर माणसं विचारायची, "मास्तर, पाळण्याची नवकरी लागली का?" मी हसून पुढं जायचो, पण कान तापायचे.

दहा दिवसांत फार फरक पडला नाही. चार तास झोप लागायची, पण उठली की तेच. मामा "येड्याच्या डागदरकडं" नको म्हणत होते. तेव्हा बायकोच म्हणाली, "मला न्या." आम्ही गेलो. त्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पंधरा दिवस धीर धरा म्हणाले. ते पंधरा दिवस सगळ्यात वाईट होते, कारण आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक दिवस ती बाळाच्या तोंडाकडं टक लावून बघायची आणि आम्ही मनातल्या मनात आनंदायचो. पुढचे दोन दिवस भिंत ते भिंत.

मावशीनं एक केलं. ती म्हणाली, "फिरायचंच हाय तर बाहीर फिर. खोलीत काय फिरती, घाण्याच्या बैलावानी?" मामी सोवळ्याचं, वाऱ्याचं काही बोलल्या, पण अडवलं नाही. मावशी तिला घेऊन परसातून मागच्या वाटेनं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, जायची. तिथं मामांच्या रानात मावशीच्या नवऱ्यानं मेंढ्या बसवल्या होत्या. सकाळी एक फेरी, तिसऱ्या प्रहरी एक. काय बोलत होत्या, मी विचारलं नाही. एकदा बायकोनंच सांगितलं, "कायबी बोलत न्हाईत. ती मेंढ्या मोजती. मी मोजते. तिचा आकडा आन् माझा आकडा जुळला न्हाई की पुन्हा मोजतो." मग म्हणाली, "मोजताना ते डोळ्यासमोर येत न्हाई."

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी ओसरीवर बाळाला घेऊन बसलो होतो. आतून आवाज येईना. पावलांचा आवाज कानाला इतका सवयीचा झाला होता की तो थांबल्यावर मी घाबरून आत गेलो. ती भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपली होती. मामी दारात आल्या. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. दिवस मावळेपर्यंत ती उठली नाही. बाळ भुकेनं रडायला लागलं, तेव्हा मावशी त्याला खांद्यावर टाकून वाटी-चमच्यानं दूध पाजायला गोठ्याकडं घेऊन गेली.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. वाईट दिवस येत राहिले, पण त्यांच्यातलं अंतर वाढलं. एका सकाळी मावशीच्या दारात बसून तिनं स्वतः अंबाडी चिरली. मावशी शेजारी बसून होती. चिरून झाल्यावर तिनं हात धुतले आणि घरी आली. घरी विळी परत आली ती संक्रांतीच्या थोडं आधी, तिनं सांगितल्यावर.

पेडगावला परतताना गाडीत बाळ तिच्या मांडीवर होतं. तिचा एक हात त्याच्या पोटावर होता. परभणी येईपर्यंत तिनं तो काढला नाही, आणि मी तिच्याकडं बघतोय हे कळल्यावर म्हणाली, "बघू नका असं. तुमचं बघणं बी थांबाया पायजे आता." ती बरोबर होती. पण माझं बघणं थांबायला तिच्या आजारापेक्षा जास्त दिवस लागले. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मला घरी जावंसं वाटायचं. मधल्या सुट्टीत मी सायकलवर येऊन दारातून डोकावून जायचो. आईला वाटायचं, मुलाचा लळा लागलाय.

आईला आम्ही हिवतापच सांगितला होता. सहा वर्षांनी पुन्हा दिवस गेले, तेव्हा माझी बायको स्वतः आईजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं, विळ्यांसकट. मी बाहेर अंगणात येरझारा घालत होतो. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तवाच सांगितलं आसतं तर मी आले आसते तिकडं." तिला त्याचंच वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं तिच्या मनात शेवटपर्यंत राहिलं. या खेपेला बाळंतपण परभणीला केलं. मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यात झोप गेली, तशी बायकोनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडं गेलो. महिन्याभरात उतरलं.

पुढं मुलाचं लग्न झालं. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी मानवतला गेली. नातू झाल्याचा फोन आला, पेढे वाटले. मी रोज फोन करायला लागलो आणि रोज एकच विचारायचो, झोप लागते का. व्याही हसायचे. म्हणायचे, मास्तर, नातवाचं विचारा की. सून म्हणायची, लागते, बाबा. बाराव्या दिवशी तिनं लगेच उत्तर दिलं नाही. मागं बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मग म्हणाली, "दोन दिवस झाले, नाही लागत."

मी फोन बायकोच्या हातात दिला. ती दहा मिनिटं बोलली, त्यातला बहुतेक वेळ ऐकतच होती. फोन ठेवून तिनं कपाटातून पिशवी काढली आणि विचारलं, "मानवतला आता गाडी किती वाजता हाय?"